गेटवेहून बोट राउंड घेणार असाल तर
मुंबईत गेटवेहून अर्ध्या तासाची बोट राउंड मारायची असेल ना, तर शक्यतो सकाळी जा, कारण गेटवे आणि ताज दोन्ही पूर्वेला समुद्राकडे तोंड करून आहेत, सकाळचं ऊन थेट त्यांच्या अंगावर पडतं आणि फोटो मस्त येतात, संध्याकाळी सूर्य मागे जातो मग सगळं काळपट दिसतं. वरच्या डेकचे थोडे जास्त पैसे घेतात, द्या, खाली बसून निम्मं काही दिसत नाही. नेव्हीच्या बोटींचे फोटो नका काढू. आणि लाइफ जॅकेट, प्लीज, कितीही उकडत असलं तरी घालाच, डिसेंबर २०२४ मध्ये नेव्हीची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली तो अपघात याच पाण्यात झालाय, लहान मुलांना आधी घाला, पट्टे नीट आवळून. पावसाळ्यात सहसा बंद असतं.