दुकानातला कॉम्प्युटर घरून चालवायचाय? कमी खर्चात असं जमवा

दुकान बंद करून घरी आलं की आठवतं एका पार्टीचं बिल टाकायचं राहिलंय, किंवा बाहेरगावी असतानाच सीएचा फोन येतो की लेजर पाठवा, आणि हिशोबाचं टॅली तर दुकानात. मग बरेच जण पेन ड्राइव्हवर डेटा घरी आणतात, रात्री एंट्री करतात, सकाळी परत टाकतात. हे आधी बंद करा. एखाद्या दिवशी दोन्हीकडे एंट्री पडते आणि मग कुठला डेटा खरा ते शोधण्यात आठवडा जातो. डेटा दुकानातच राहू द्या, आपण घरून त्या मशीनपर्यंत पोचायचं. एकट्या मालकाला यासाठी सर्व्हर, क्लाउड, महिन्याचं भाडं, काही काही लागत नाही, हे मी कुणी विचारलं की पहिलं सांगतो, कारण विकणारे लोक पहिलं तेच विकायला बघतात.

आणि नुसते रिपोर्टच बघायचे असतील तर आधी हे तपासा: टॅली प्राइमचं टीएसएस (रिन्यू करत राहायचं टॅलीचं सबस्क्रिप्शन) चालू असेल तर रिपोर्ट ब्राउझरमध्ये, मोबाइलवरसुद्धा दिसतात, दुकानातलं मशीन चालू आणि टॅलीत कंपनी उघडी तेवढी पाहिजे. एंट्री करायची असेल तर पुढचं वाचा.

सॉफ्टवेअरच्या आधी मशीन बघा. रिमोटची निम्मी रडगाणी ही मशीन झोपल्यामुळे किंवा लाइट गेल्यामुळे असतात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग पॉवर, तिथे स्लीप ‘नेव्हर’ करा, स्क्रीन बंद झाली तरी चालते. मग मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची मशीनची मूळ सेटिंग्ज) जा आणि ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ अशा नावाचं सेटिंग शोधा, कंपनीप्रमाणे नाव थोडं वेगळं असतं, ते ‘पॉवर ऑन’ करा. म्हणजे रात्री लाइट जाऊन यूपीएस संपला तरी लाइट आल्यावर मशीन आपोआप उठतं. लगेच करूनही बघा, मशीन नीट शट डाउन करून मेन स्विच बंद करा, मिनिटभराने चालू करा, कुणी बटण न दाबता विंडोज आलं पाहिजे. राउटरसुद्धा यूपीएसवर घ्या आणि वायफायपेक्षा लॅनची केबल लावा.

विजेचा खर्च सगळे विचारतात. समजा मशीन रिकामं असताना ५० वॉट खातंय आणि दुकान बंद असताना १४ तास जास्तीचं चालू राहतंय, तर दिवसाला ०.७ युनिट, महिन्याला २१ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी २१० रुपये झाले, तुमच्या बिलातला दर घालून हिशोब करा.

आता सॉफ्टवेअर. एक मालक, एक मशीन, एवढंच असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप लावा, फुकट आहे, विंडोज होमवर पण चालतं. दुकानासाठी वेगळं जीमेल काढा, घरच्या मुलांच्या मोबाइलमध्ये लॉगिन असलेलं नको, आणि त्याला टू स्टेप व्हेरिफिकेशन लावाच. दुकानातल्या मशीनवर क्रोममध्ये त्या अकाउंटने लॉगिन करून ‘रिमोटडेस्कटॉप डॉट गूगल डॉट कॉम स्लॅश अ‍ॅक्सेस’ उघडा, इन्स्टॉल करा, मशीनला नाव द्या, किमान सहा आकडी पिन द्या (दुकानाचा फोन नंबर किंवा जन्मतारीख नको). घरच्या लॅपटॉपवर तेच अकाउंट, तीच साइट, मशीनवर क्लिक, पिन, झालं. लाइट येऊन मशीन नुसतं लॉगिनच्या स्क्रीनवर थांबलेलं असेल तरी हे जोडलं जातं.

टॅली वापरताना फुल स्क्रीन करा, नाहीतर काही बटणं ब्राउझरच खातो, म्हणजे कॅल्क्युलेटरसाठी कंट्रोल एन दाबलं की टॅलीचा कॅल्क्युलेटर यायच्या ऐवजी क्रोमची नवी विंडो उघडते. मोबाइलवरून जोडता येतं, पण एफ८ दाबून सेल्सची एंट्री करणं मोबाइलवर फार त्रासाचं आहे, बॅलन्स बघण्यापुरतं ठीक. आणि तुम्ही घरून जे करता ते दुकानातल्या स्क्रीनवर दिसत राहतं, तेव्हा निघताना मॉनिटर बंद करून निघा.

दुसरा रस्ता विंडोजचाच रिमोट डेस्कटॉप, आरडीपी. जरा जास्त स्मूथ चालतो आणि दुकानातल्या मशीनवर केलेल्या बिलाची प्रिंट घरच्या प्रिंटरवर निघते. पण दुकानातल्या मशीनवर विंडोज प्रो लागतं, होमवर बाहेरून येऊ देत नाही. विंडोजला पासवर्ड पाहिजे, आपला रोजचा चार आकडी पिन इथे चालत नाही. तुम्ही आत आलात की दुकानातली स्क्रीन लॉक होते, म्हणजे दुकानातला माणूस आणि तुम्ही एकाच वेळी काम करू शकत नाही. दोघांना एकदम टॅली लागत असेल तर टॅलीचं गोल्ड, म्हणजे अनेक युजरचं, लायसन्स लागतं, आणि एकाच मशीनवर अनेकांना रिमोटने बसवायचं असेल तर विंडोज सर्व्हर आणि त्याची लायसन्स, तो वेगळा खर्च आहे. नेटवर फिरणारे ‘एकाच प्रोवर पाच युजर’वाले पॅच लावू नका, लायसन्सच्या विरुद्ध आहेत आणि विंडोज अपडेट आलं की बंद पडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आरडीपीसाठी राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (नेटवरून थेट आत यायचं दार) उघडून देणारे लोक आहेत, त्यांना हात लावू देऊ नका. उघडं ३३८९ शोधत दिवसरात्र बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) फिरत असतात, पासवर्ड मारून बघतात, आणि आत आले की डेटा लॉक करून पैसे मागतात. नंबर बदलून ३३९० केला तरी काही फरक पडत नाही. २०१९ मध्ये तर विंडोज ७ च्या आरडीपीत ब्लूकीप नावाचं भोक सापडलं होतं ज्यात पासवर्डचीही गरज नव्हती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा जुनं मशीन रिमोटला लावायच्या आधी ११ वर न्या. शिवाय बऱ्याच फायबर कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे नेटवरचा थेट पत्ता, मिळतच नाही, राउटरच्या वॅन आयपीची (राउटरला नेटच्या बाजूने मिळालेला पत्ता) सुरुवात १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर पोर्ट उघडूनही उपयोग नाही.

त्याऐवजी टेलस्केल लावा, हे दोन मशीन आपसात खासगी जोडून देणारं सॉफ्टवेअर आहे, दोन्ही मशीनवर इन्स्टॉल, एकाच अकाउंटने लॉगिन, दुकानातल्या मशीनला १०० ने सुरू होणारा एक आयपी मिळतो तो आरडीपीत टाकायचा. पोर्ट उघडायची गरज नाही. दुकानातल्या मशीनवर टेलस्केलच्या मेनूत ‘रन अनअटेंडेड’ चालू करा, नाहीतर लाइट येऊन मशीन उठलं तरी कुणी लॉगिन करेपर्यंत टेलस्केल जोडलं जात नाही. फ्री प्लॅन घरगुती वापरासाठी आहे, धंद्याला पैसे भरायचा प्लॅन घ्या. टीम व्ह्यूअर या दुसऱ्या रिमोट सॉफ्टवेअरचंही तसंच, फुकट फक्त पर्सनल वापराला.

जीएसटीला डीएससी, म्हणजे यूएसबी डोंगलवरची डिजिटल सही, लागत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. डोंगल दुकानातल्या मशीनला लावलेलं असेल आणि तुम्ही आरडीपीने आलात तर ते दिसत नाही, कारण आरडीपी घरच्या लॅपटॉपला लावलेलं डोंगल शोधतो. क्रोम रिमोटमध्ये दुकानातलं डोंगल दिसतं. पण म्हणून डोंगल रात्रभर लावून ठेवू नका, ती तुमची सही आहे.

आरडीपीतून बाहेर पडताना वरची फुली दाबा, शट डाउन नाही. शट डाउन केलं की दुकानातलं मशीन बंद होतं आणि मग कुणीतरी शटर उघडेपर्यंत काही करता येत नाही.

बॅकअप रोज, आणि आठवड्यातून एकदा अशा हार्ड डिस्कवर जी नंतर काढून घरी नेता. लावून ठेवलेली डिस्क डेटाबरोबरच लॉक होते. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी पिन आणि पासवर्ड बदला, कितीही विश्वासातला असला तरी.

आणि दुकानातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा: बँकेतून बोलतोय, केवायसी अपडेट करायचंय म्हणून कुणी एनीडेस्क (हेही मशीन दुरून चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा. एनीडेस्कचा असा वापर होतोय म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि मशीनची नेटची केबल काढून ठेवा.