टूव्हील पिकअप घरी फोरव्हील केली, रेशोने घोळ घातला (माझा अनुभव)

पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात पिकअप रिकामी असली तरी मागची चाकं जागीच फिरायची, दरवेळी ट्रॅक्टर बोलवा, म्हणून भंगारातून फोरव्हील (चारही चाकांना ओढ असलेल्या) गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस (इंजिनची ओढ पुढे-मागे वाटणारा डबा) नि शाफ्ट आणले आणि शेडमध्ये चेन ब्लॉक लावून भावाबरोबर कामाला लागलो. पुढे पाटेच (लीफ स्प्रिंग) होते म्हणून बसलं, इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) असतं तर मी नादाला लागलो नसतो.

सगळं जोडून फोरव्हील टाकली तर गाडी जखडल्यासारखी, खालून कटकट, लिव्हर परत निघेना! जॅकवर घेतल्यावर सुटला. मग शाफ्टवर खडूची खूण केली आणि दोन्ही चाकं एकदम १० फेरे फिरवली, मागे शाफ्टचे ४१ फेरे झाले, पुढे ३७ च्या थोडे वर. म्हणजे रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) मागे ४.१० आणि पुढे ३.७३, त्यामुळे पुढची-मागची चाकं एकमेकांना अडवत होती, विकणारा तर सेम आहे म्हणाला होता. पुढचा क्राउन पिनियन (अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) ४१/१० दातांचा टाकला, दातांना निळा रंग लावून घास बघत बघत शिम (पातळ चकत्या) लावले, त्यातच दोन दिवस गेले पण तिथे घाई नकोच.

आता चिखलातून आरामात निघते. डांबरी रस्त्यावर मात्र टूव्हीलच ठेवतो. आणि आरटीओची परवानगी आधी घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे.