शाळकरी मित्रांच्या कार्टून मालिकेचा सीझन कसा आखावा

अर्ध्या तासाच्या भागात साधारण ११-११ मिनिटांच्या दोन गोष्टी, हा साचा आधी पक्का करा. १९९६ साली अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर आलेल्या ‘आर्थर’ या कार्टून मालिकेने तोच वापरला आणि पहिल्याच सीझनमध्ये ३० भाग दिले. म्हणजे साठेक गोष्टी! एकट्या नायकावर एवढ्या निघत नाहीत. आर्थर तिसरीत आहे, पण त्याचे मित्र बस्टर, फ्रान्सिन आणि धाकटी बहीण डी.डब्ल्यू. यांनाही आपापल्या गोष्टी मिळतात. तुमच्याही प्रत्येक मित्राला स्वतःचं घर आणि स्वतःची अडचण द्या. एका गोष्टीत अडचण मात्र एकच.

पटकथेनंतर आधी आवाज रेकॉर्ड करा. स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंग क्रमाने दाखवणारी कच्ची चित्रं त्या आवाजावर लावून पाहा आणि लांबलेलं तिथेच कापा. सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावरची एकेक स्थिर प्रतिमा) आणि एकच चित्र सलग दोन फ्रेम दाखवलं, तरी ११ मिनिटांना ७,९२० चित्रं होतात. त्यानंतर कात्री लावणं फार महागात पडतं. वर्ग, मैदान, बस यांच्या पार्श्वभूमी म्हणूनच पुन्हापुन्हा वापरता येतील अशा काढा.

खरी फसगत ओठांवर होते. प, ब, म आले की ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत, निदान दोन फ्रेम, आणि आवाजाच्या किंचित आधी. ‘बाबा’ म्हणताना ओठ उघडे राहिले तर लहान मुलालाही खटकतं. आ ला मोठं तोंड, उ-ओ ला गोल. त, ल, स यांना एकच अर्धवट उघडं तोंड चालतं.