सी कोड दुसऱ्या मशीनवर नेताना बाइटक्रमाच्या या चुका टाळा

‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतं!’ चालणारच. एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) लिटल-एंडियन आहे, म्हणजे संख्येचा सगळ्यात खालचा बाइट मेमरीत आधी ठेवतो, आणि फोनमधला एआरएमही व्यवहारात लिटल-एंडियनच चालवतात. घोडं अडतं ते आयबीएमच्या एस३९०एक्स मेनफ्रेमवर किंवा जुन्या पॉवरपीसी बोर्डावर. ते बिग-एंडियन, वरचा बाइट आधी.

सगळ्यात चीड आणणारी चूक म्हणजे अख्खा स्ट्रक्ट एफराइटने फाइलीत ओतणं. १, ४ आणि २ बाइटांचे तीन फील्ड याच क्रमाने ठेवले की माहिती ७ बाइट, पण ६४-बिट एक्स८६ वर साइझऑफ १२ सांगतो. उरलेले ५ बाइट पॅडिंगचे, म्हणजे कंपायलरने सोडलेली रिकामी जागा. मग कुणीतरी ‘पॅक्ड’ चिकटवतो आणि काम झालं समजतो. पॅडिंग गेलं, बाइटक्रम होता तिथेच. फाइलीचा क्रम एकदा ठरवा आणि एकेक बाइट शिफ्ट करून लिहा-वाचा. वाचताना प्रत्येक बाइट आधी यूइंट३२_टी मध्ये कास्ट करा, मगच २४ ने सरकवा. नाहीतर तो साइन्ड इंट होतो आणि वरचा बिट १ असला की अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काय होईल याची सी भाषा हमी देत नाही. ‘हे स्लो पडेल’ म्हणणाऱ्यांनी कंपायलरला ओ२ ऑप्टिमायझेशन लावून असेंब्ली बघावी: जीसीसी आणि क्लँग त्याची एकच लोड इन्स्ट्रक्शन करतात, फार तर जोडीला बाइट उलटवणारी बीस्वॅप. मशीन कोणत्या एंडियनचं, हे विचारणारे इफडेफ मग लागतच नाहीत.

दुसरी चूक जास्त लबाड. लाँग एन (इथे ८ बाइटांचा) शून्य करायचा आणि स्कॅनएफला ४ बाइटांच्या इंटसाठीचा ‘टक्के-डी’ देऊन त्याचा पत्ता पाठवायचा. एक्स८६ वर ५ टाइप केले की ५ मिळतात, वर्षानुवर्षं. एस३९०एक्स वर तेच चार बाइट लाँगच्या वरच्या अर्ध्यात पडतात आणि एन होतो २१४७४८३६४८०. कंपायलर वॉर्निंग देतो, पण घाईत ती बंद केलेली असते.

पोर्टचा आकडा नेटवर्कच्या बाइटक्रमात बदलणारं एचटीओएनएस विसरलात तर ८०८० ऐवजी ३६८९५ पोर्ट उघडतो. बिटफील्ड (मोजक्या बिटांचे फील्ड) फाइलीत नकोच. लांबी १६७७७२१६ दिसली तर तो उलटा वाचलेला ३२-बिटी १ आहे.

तपासायला मेनफ्रेम लागत नाही. एस३९०एक्स चा क्रॉस-कंपायलर (तुमच्या मशीनवर त्याच्यासाठी बिल्ड करणारा) घ्या, स्टॅटिक बिल्ड करा, क्यूईएमयू या एम्युलेटरच्या यूजर मोडमध्ये चालवा. टेस्टमध्ये शून्य भरू नका, उलटं केलं तरी ते शून्यच. हेक्स १२३४५६७८ भरा. आणि फाइल एका मशीनवर लिहून दुसऱ्यावर वाचा. स्वतः लिहिलेलं स्वतःच वाचणारी टेस्ट चुकीचा कोडही पास करते.