चाळिशीपासून शुगर, बीपी आणि पोटाचा घेर सांभाळून स्मरणशक्ती कशी जपावी

मराठवाड्यात घरातील वडीलधारे माणूस तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागले की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय सोडून दिला जातो. वास्तविक मेंदूतील हे बदल साठीच्या कितीतरी आधी सुरू होतात. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्केच असते, पण तो जवळपास २० टक्के ऊर्जा वापरतो, आणि ही ऊर्जा ज्या बारीक रक्तवाहिन्यांतून त्याला मिळते, त्यांनाच वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे इजा करीत राहतात. मधुमेह असलेल्यांमध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट आढळतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने डिमेन्शियाची बदलता येण्याजोगी १४ कारणे मांडली, आणि मधुमेह, मध्यमवयातील उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, वाईट कोलेस्टेरॉल व व्यायामाचा अभाव ही सगळी त्यांत आहेत. म्हणून तयारी चाळिशीत करावी.

सुरुवात शिलाईच्या टेपने करावी. पँटचा नंबर गृहीत धरू नये, कारण पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात आणि घेर वाढला तरी नंबर तोच राहतो. सरळ उभे राहून सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, साडीच्या निऱ्या किंवा बेल्ट बाजूला करून, टेप अंगाला टेकेल पण रुतणार नाही असा धरावा आणि सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. आपल्या लोकांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी अंगकाठी आपल्याकडे फार दिसते. वजनकाटा अशा माणसाला निर्धास्त करतो, म्हणून मी टेपला अधिक महत्त्व देतो.

त्यानंतर तपासण्या. तिशीपुढील व्यक्तींची बीपी व शुगर गावच्या आरोग्य उपकेंद्रात तपासली जाते. आशाताईंना दिवस विचारून घ्यावा. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असावी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ५.७ ते ६.४ आली तर ती मधुमेहाच्या उंबरठ्याची आणि ६.५ किंवा अधिक आली तर मधुमेहाची खूण असते. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, १५० च्या खाली हवेत. बीपी मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि तंबाखू टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकवून शांत बसावे आणि हात छातीच्या पातळीवर ठेवावा. बीपीचा वरचा आकडा वारंवार १३० च्या पुढे येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

जेवणात ज्वारीची भाकरी जरूर असावी, मात्र ‘भाकरीने शुगर वाढत नाही’ हा समज सोडावा. तीन भाकरी, वर भात आणि दिवसभरात चार गोड चहा असतील तर साखर वाढणारच. एक भाकरी कमी करून तिची जागा घट्ट वरण, मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, आंबाडी वा मेथीची भाजी आणि काकडी यांना द्यावी. करडईचे तेल चांगले असले तरी ते मोजूनच वापरावे, आणि लोणचे-पापडासह दिवसाचे मीठ एका चमच्याच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत ठेवावे.

आठवड्यात किमान १५० मिनिटे झपाझप चालावे. उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जातो, म्हणून पहाटेची वेळ धरावी. जेवणानंतर अंगणात दहा मिनिटे फिरल्यानेही साखर कमी चढते. शेतात राबणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको, पण शेती बटईने देऊन शहरात आलेल्यांनी ते मनावर घ्यावे. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्यासारखे ताकदीचे व्यायामही करावेत.

सर्वांत मोठे नुकसान मात्र ‘शुगर नॉर्मल आली’ म्हणून गोळी परस्पर बंद करण्याने होते. ती नॉर्मल गोळीमुळेच आलेली असू शकते. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. साखर फार खाली जाणे वृद्ध मेंदूला घातक असते. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने एकादशीचा किंवा श्रावणाचा उपवास डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये. घाम, थरथर आणि अचानक असंबद्ध बोलणे दिसले तर आधी साखर तपासावी; शुद्धीत असल्यास साखरपाणी द्यावे, नसल्यास तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षे चालू असेल, विशेषतः माणूस शाकाहारी असेल, तर बी १२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. त्याच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो आणि तो बऱ्याचदा सुधारतो. थायरॉइडचेही तसेच. कमी ऐकू येत असल्यास कानाची तपासणी लांबवू नये, आणि तंबाखू पूर्ण सोडावी.

चष्मा कुठे ठेवला हे कधीतरी विसरणे वेगळे. पण रोजचा रस्ता चुकणे, पैशांचा हिशेब जमेनासा होणे, तीच गोष्ट तासाभरात पुन्हा विचारणे हे महिनोन्महिने वाढत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे, जुने रिपोर्ट आणि रोज त्या व्यक्तीसोबत राहणारे माणूस बरोबर न्यावे, कारण बदल केव्हा सुरू झाला हे रुग्णाला स्वतःला नेमके सांगता येत नाही.