हलक्या गाडीत डिझेल इंजिन बसवताय? या चुका टाळा

पहिली चाचणी घरच्या कलमांच्या बागेत घेतली म्हणून निभावलं. लाल मातीचा उतार, ब्रेकवर पाय आणि पेडल दगडासारखं घट्ट. गाडी थांबली ती चिऱ्याच्या गडग्याला टेकूनच. फायबरचं तोंड फुटलं, आमची शाबूत राहिली. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "इंजिन बसला रे, पन गाडी खंय झाली?"

गाडी जुनी, दोन आसनी, फायबर बॉडीची. पूर्वी गोव्यात बनणारी सॅन स्टॉर्म ही छोटी स्पोर्ट्स कार ज्यांनी पाहिली आहे त्यांना जातकुळी कळेल. पेट्रोल इंजिन कामातून गेलं होतं, म्हणून १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन टाकलं. इंजिन खाली उतरवून नवीन बसवायला दोन दिवस पुरले. पुढचे आठ महिने कशात गेले, ते सांगतो.

ब्रेकचा बूस्टर

पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवेची झडप) मिटलेला असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, निर्वात तयार होतो आणि त्याच ओढीवर पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलला तसा थ्रॉटल नसतो, म्हणून निर्वातही नसतो. उलट हवा कोंबणारा टर्बो चालू झाला की तिथे दाब येतो. म्हणून बूस्टरसाठी डिझेल इंजिनावर वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. आम्ही बूस्टरची नळी सवयीने जुन्या जागी, मॅनिफोल्डला जोडली आणि पंपाचं तोंड बूच मारून बंद केलं. अंगणात पुढेमागे करताना काही जाणवलं नाही, कारण हलकी गाडी कमी वेगात नुसत्या पायाच्या जोरावरही थांबते. उतारावर बिंग फुटलं.

तपासायची रीत सोपी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट होईल. पाय तसाच दाबून धरा आणि सेल्फ मारा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर गाडी जागची हलवू नका.

बुडालेलं इंजिन

इंजिन स्वस्त मिळालं की आपण हरखतो. कोकणात त्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हे पाण्यात होतं का? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यातली इंजिनं गाळ धुऊन, रंग मारून पुन्हा विकायला येऊ शकतात. एअर फिल्टरचा डबा उघडून कोपऱ्यात चिखलाची रेघ शोधा. ऑइलची कांडी काढा. ऑइल दुधाळ असेल तर सरळ घरी या. ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) जोडणीतल्या पिना हिरव्या पडल्या असतील तरीही तेच. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना कुणी सेल्फ मारला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

गिअरचं गणित कागदावर करा

जुना गिअरबॉक्स तसाच ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. स्विफ्टमधलं हे इंजिन २००० आरपीएमला (मिनिटाला २००० फेऱ्यांना) १९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. छोट्या पेट्रोल इंजिनाचा बॉक्स आणि क्लच बहुधा याच्या निम्म्या टॉर्कसाठी बनवलेले असतात. पण तुटण्याआधीही एक अडचण येते. चाकाचा परीघ १.७५ मीटर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ आणि क्राऊन-पिनियनचं (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं) ४.१ धरा. ४००० आरपीएमला गाडी ताशी २९ किलोमीटरवर असते. पेट्रोलवाला तोच गिअर साडेसहा हजारांपर्यंत ताणतो. डिझेलची खरी ताकद ४००० ला संपते, म्हणजे हात सतत गिअरच्या दांड्यावर. स्पोर्ट्स कार चालवतोय की चिऱ्यांचा ट्रक, असा प्रश्न पडतो.

म्हणून इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स घ्या. मग एक्सलची लांबी जुळत नाही. इथे बरेच जण दोन एक्सल कापून वेल्ड करतात. करू नका, नवीन शाफ्ट बनवून घ्या आणि गाडी जॅकवर उचलून चाकं पूर्ण लोंबकळत असताना आतला जॉइंट सुटत नाही ना ते पाहा.

वजनाबद्दल थोडक्यात: डिझेल इंजिन, टर्बो, इंटरकूलर आणि मोठी बॅटरी मिळून गाडीचं नाक जड होतं. पुढच्या स्प्रिंगा जुन्याच ठेवल्यात तर ऑइल चेंबर पहिल्या गतिरोधकाला भेटेल. कामाआधी आणि कामानंतर गाडी वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोला.

वायरिंग, खारा वारा आणि फायबर

हे मल्टिजेट स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टा, पुंतोपर्यंत बऱ्याच गाड्यांत होतं, म्हणून लोक इंजिन एका गाडीचं, ईसीयू दुसऱ्या गाडीचा आणि वायरिंग तिसऱ्याच गाडीचं आणतात. मग सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही. इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाही, बस्स. ईसीयू, चावी, इमोबिलायझर, ॲक्सिलरेटरचं पेडल आणि पूर्ण हार्नेस (वायरिंगचा जुडगा) एकाच गाडीतून घ्या. एकही वायर कापू नका, आधी गाडीबाहेर टेबलावर मांडून खुणा करा.

अर्थिंगचा घोळ फायबरच्या गाडीत हमखास होतो, कारण फायबरमधून वीज जात नाही. इंजिन ते चासी अशी जाड पट्टी राहून गेली तर सेल्फचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो. आमची क्लचची केबल गरम व्हायला लागली तेव्हा कुठे ट्यूब पेटली. समुद्राजवळ असाल तर अर्थचे बोल्ट घासून, आवळून वर पेट्रोलियम जेली लावा आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा उघडून पाहा.

डिझेलची वाट

पेट्रोलची टाकी नुसती धुऊन भागत नाही. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजिनाला जोरदार दाबाने डिझेल पुरवणाऱ्या, पंपाला वंगण डिझेलचंच, त्यामुळे उरलेलं पेट्रोल त्याला मारतं. टाकीतला जुना पेट्रोल पंप काढा आणि डिझेल परत येणारी नळी टाकीत खोलवर, पण ओढणाऱ्या नळीपासून लांब सोडा. नाहीतर फेसाबरोबर हवाही ओढली जाते. जस्त चढवलेल्या नळ्या वापरू नका. गाडी सकाळी चालू व्हायला रडत असेल तर ओढणाऱ्या नळीत फिल्टरआधी वीतभर पारदर्शक तुकडा घाला. बुडबुडे दिसले तर हवा कुठून तरी शिरतेय. आषाढ-श्रावणात टाकी अर्धी ठेवू नका आणि फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून पाणी काढत जा.

हादऱ्यांना आवर घालण्यासाठी कुणी माउंट थेट लोखंडाने वेल्ड करतं. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू), ८०० आरपीएमला, चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला २७ धक्के देतं. ते सगळे फायबरमध्ये उतरतात आणि महिन्याभरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. मूळ गाडीचीच रबरी माउंट वापरा.

पहिल्यांदा इंजिन चालू करताना एक जाड फळी हाताशी ठेवा. टर्बोचं सील गेलेलं असेल तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. हवेच्या तोंडावर फळी दाबली तरच ते गप्प होतं. तिथे हात लावू नका.

आणि कागद. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पेट्रोल म्हणून नोंदलेली गाडी डिझेलवर रस्त्यावर आणण्याआधी आरटीओत विचारा, काम झाल्यावर नव्हे. अपघात झाला तर विमा कंपनीही पहिला प्रश्न हाच विचारेल. आमची गाडी म्हणूनच अजून बागेबाहेर पडलेली नाही. डिकीत हापूसच्या दोन पेट्या मावतात, कलमांपासून खळ्यापर्यंत तेवढं पुरतं.