आभासी परिपथ आणि पस्तीस मिनिटांचा तास

नववीच्या ‘धाराविद्युत’ या पाठापाशी आले की बहुतेक मुलांच्या मनातला एक समज हटकून वर येतो: घटातून निघालेली विद्युतधारा पहिल्या दिव्यात थोडी खर्च होते आणि पुढच्या दिव्याला उरलेली मिळते. फळ्यावरच्या आकृतीने हा समज ढळत नाही आणि ओहमचा नियम पाठ करूनही ढळत नाही, कारण धारा कुणी पाहिलेली नसते. अशा ठिकाणी आभासी, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करायचा प्रयोग उपयोगी पडतो. मात्र तो नुसता पडद्यावर दाखवला तर मुले चित्रपट पाहावा तसा पाहतात आणि विसरतात.

येथे उदाहरण म्हणून ‘फेट’ या आभासी प्रयोगांच्या संचातील एकदिश धारेचा परिपथ जोडणी प्रयोग घेतला आहे. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातील प्रयोग विनामूल्य असून अनेकांचे मराठी रूपही उपलब्ध आहे. काहूटसारखे प्रश्नमंजुषेचे खेळ हे वेगळे साधन आहे. त्यांच्या नेहमीच्या पद्धतीत लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, म्हणून ते उजळणीसाठी बरे. नवी संकल्पना शिकवताना विचार करायला थांबणारे मूल त्यात मागे पडते.

तयारी आदल्या दिवशीच करावी. प्रयोगाची फाइल घरी उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावी, म्हणजे वर्गात इंटरनेट नसले तरी ती ब्राउझरमध्ये चालते. ऐन तासाला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबून राहू नये. प्रयोग मराठीत उघडून त्यातील शब्द एकदा वाचून घ्यावेत. पाठ्यपुस्तकात ‘एकसर जोडणी’ (दिवे एकाच वाटेवर एकापाठोपाठ जोडणे) असताना पडद्यावर दुसराच शब्द दिसला, तर तो आधीच फळ्यावर लिहून ठेवलेला बरा.

तासाला प्रथम एक घट आणि एक दिवा जोडून दाखवावा. घट ९ व्होल्टचा आणि दिवा १० ओहम रोधाचा (रोध म्हणजे धारेला होणारा अडथळा) ठेवला असता धारामापक ०.९ ॲम्पिअर दाखवतो. आता दुसरा तसाच दिवा एकसर जोडायचा आहे एवढेच सांगावे आणि जोडण्यापूर्वी थांबावे. ‘कोणता दिवा जास्त उजळेल? दोन दिव्यांच्या मध्ये धारा किती असेल?’ या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने वहीत लिहावीत आणि शेजाऱ्याला आपले कारण सांगावे. तोंडी उत्तरे घेऊ नयेत, कारण हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाचे उत्तर ऐकून बाकीचे आपले मत गुपचूप बदलतात. माझ्या मते सगळा तास या तीन-चार मिनिटांवर अवलंबून असतो. ज्याने अंदाज लिहून ठेवला आहे, त्यालाच तो चुकल्याचे आश्चर्य वाटते.

मग दिवा जोडावा आणि धारामापक पहिल्या दिव्याआधी, दोन्ही दिव्यांच्या मध्ये व शेवटी असा तीन ठिकाणी लावावा. तिन्हीकडे ०.४५ ॲम्पिअर हाच आकडा येतो आणि दोन्ही दिवे सारखेच मंद दिसतात. ‘मग खर्च काय झाले?’ असे विचारून उत्तर मुलांकडूनच काढावे: धारा नव्हे, ऊर्जा. त्यानंतर समांतर जोडणीसाठीही (प्रत्येक दिवा घटाला स्वतंत्र वाटेने जोडणे) आधी अंदाज आणि मग जोडणी हाच क्रम ठेवावा. तेथे घटातून १.८ ॲम्पिअर धारा निघते हे पाहून वर्गात हमखास कुजबुज सुरू होते.

माउस मुलांच्या हाती दिला की कुणीतरी घटाची दोन टोके नुसत्या तारेने जोडतेच आणि घट पेटल्याचे दिसून वर्गात हशा पिकतो. रागावू नये. ‘आग का लागली, रोध किती होता?’ असे विचारले की लघुपरिपथाचा (शॉर्ट सर्किटचा) भाग आयताच शिकवून होतो; मात्र खऱ्या घटाशी हा खेळ करायचा नाही, हे तेथेच स्पष्ट सांगावे.

शेवटची दहा मिनिटे खऱ्या साहित्यासाठी राखावीत: दोन पेन्सिल सेल, टॉर्चचे तारेचे दोन छोटे दिवे आणि थोडी वायर. एलईडी नकोत, कारण त्यांतून धारा एकाच दिशेने वाहते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. खरे दिवे पडद्यावरच्या दिव्यांसारखे तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे एकसर जोडणीत एक दिवा किंचित मंद दिसू शकतो आणि ‘बघा, दुसऱ्याला कमी मिळाली!’ असे कुणीतरी म्हणतेच. अशा वेळी समजावत बसू नये, दोन दिव्यांच्या जागांची अदलाबदल करायला सांगावी. मंद दिवा नव्या जागीही मंदच राहिला, तर फरक जागेचा आहे की दिव्याचा, हे मुलांनीच वहीत लिहावे.